शिक्का उमटत नाही? आधी पाच ठसे मारून बघा

मागच्या आठवड्यात बचत गटाच्या दोघी जणी पिशवीत तीन शिक्के घेऊन आल्या. अध्यक्षांचा, सचिवांचा आणि गटाचा गोल. "ताई, तिन्ही नवे करून द्या. बँकेतून कागद परत आला, अक्षरं लागत नाहीत म्हणाले." मी गोल शिक्का ओल्या फडक्याने पुसला, माझ्या पॅडवर टेकवला आणि वहीवर मारला. गटाचं नाव, गाव, नोंदणी क्रमांक, सगळं लख्ख. मग त्यांचं पॅड उघडलं. वरचं कापड पापडासारखं कडक आणि मधे पांढुरकी बुरशी. शाई सुकली की वर पाणी शिंपडायचं, हे वर्षभर चाललं होतं. तीन शिक्क्यांचे पैसे घेऊन आलेल्या बायका एका पॅडचे पैसे देऊन गेल्या.

शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, तुला धंदा कळत नाही. असेलही. पण माझ्याकडे 'खराब झाला' म्हणून येणाऱ्या दहा शिक्क्यांतल्या सहा-सातांना काहीही झालेलं नसतं. पॅड वाईट असतं, शाई चुकीची असते, नाहीतर टेबलावरची काच आडवी येत असते. उरलेल्या तीन-चारांतलेही एक-दोन घरच्या घरी दुरुस्त होतात. ते कसे, एवढंच इथे सांगते.

दुकान वडिलांचं. संगमनेरला, कचेरीच्या माणसांच्या येण्याजाण्यात. वडील आधी छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून मजकूर बांधायचा, तो प्लॅस्टरमध्ये दाबून साचा काढायचा, साच्यावर कच्चं रबर ठेवून गरम प्रेसमध्ये पकवायचं, असा त्यांचा शिक्का. मी दुकानात बसायला लागले तेव्हा पॉलिमर आलं होतं आणि आता कोपऱ्यात लेझर मशीन आहे. त्यामुळे तिन्ही जातींचे शिक्के माझ्या हातून गेलेत. तुमचा कुठल्या जातीचा, हे आधी ओळखा, कारण एकाला मानवतं ते दुसऱ्याला मारतं. आरपार उजेड दिसणारा, मधाच्या किंवा गुलाबी रंगाचा असेल तर पॉलिमर. राखाडी, लाल किंवा काळपट, आरपार न दिसणारा असेल तर रबर, मग ते साच्यातलं असो की लेझरचं. आणि पॅड लागतच नाही, आतूनच शाई झिरपते, तो प्री-इंक. त्याचे सगळे नियम वेगळे, ते शेवटी.

पाच ठसे

कोरा कागद घ्या. शिक्का एकदाच पॅडवर टेकवा आणि पुन्हा शाई न घेता ओळीने पाच ठसे मारा. पहिल्या ठशावर जाऊ नका, त्यात शाई जास्तीची असते. तिसरा बघा.

तिसरा सगळीकडून सारखाच फिका असेल तर शिक्का ठीक आहे, पॅड तहानलेलं आहे. एकच बाजू फिकी असेल तर शिक्का हातात अर्धा फिरवा, म्हणजे डावीकडचं उजवीकडे येईल, आणि पुन्हा मारा. फिकी बाजू शिक्क्याबरोबर फिरली तर रबर त्या बाजूने उचललंय किंवा खालचा स्पंज दबलाय. शिक्का फिरला तरी कागदाची तीच बाजू फिकी राहिली तर दोष तुमच्या हाताचा किंवा टेबलाचा. ही एक युक्ती कळली की निम्मं निदान झालं.

कडेने ठळक आणि मधे फिकं असेल तर स्पंजला मधोमध खड्डा पडलाय. अक्षराची नुसती किनार उमटते आणि आतला भाग पांढरा राहतो, तेव्हा रबराच्या तोंडावर तेलकटपणा असतो किंवा ते झिजून गुळगुळीत झालेलं असतं, शाई त्यावर ठरत नाही. 'ळ'ची दोन्ही पोटं, 'क'चं पोट, 'ध'ची गाठ भरून आली तर शाई जास्त झाली किंवा खाचांत मळ साचला. आणि मजकुराच्या बाहेर एखादी तिरपी रेघ उमटत असेल तर ती रबराची कड आहे. नव्या ब्लेडने ती कड बाहेरच्या बाजूला उतरती कापा. अक्षराच्या दिशेने ब्लेड नेऊ नका.

टेबलाचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे ऑफिसच्या टेबलावर काच आणि काचेखाली गणपतीचा फोटो, कॅलेंडर, फोन नंबरांची यादी. अशा काचेवर एकच कागद ठेवून शिक्का मारला की तो कसाही मारा, कुठेतरी पोकळ येणारच. कागदाखाली एखादी जुनी वही ठेवा, आठ-दहा पानांची गादी पुरते. आणि शिक्का हाणू नका. पोस्टात धडाधड मारतात ते बघून लोक तसंच करतात, पण पोस्टाचे ते ठोकायचे शिक्के पूर्वापार धातूचे. तुमच्या शिक्क्याखाली स्पंज आहे. सरळ ठेवा, दाबा, सरळ उचला.

धुणं

साधं कोमट पाणी, अंगाच्या साबणाचा थोडा फेस आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश. एवढ्यावर नव्वद टक्के मळ जातो. ब्रश गोल फिरवा, रगडू नका. मूठ लाकडाची असेल तर शिक्का तोंड खाली करून धरा, म्हणजे पाणी लाकडाकडे वाहणार नाही. धुऊन झाल्यावर रद्दीवर दोन-चार वेळा टिपा आणि सावलीत वाळवा.

रबर दहा मिनिटं भिजलं तरी बिघडत नाही. पॉलिमर मात्र पाण्यात ठेवून विसरू नका. ते पाणी पितं, फुगतं आणि कडेने सुटतं. दोन मिनिटांत धुऊन बाहेर काढा.

कापडी पॅडचे तंतू अक्षरांत अडकतात, ते पाण्याने निघत नाहीत. कोरड्या शिक्क्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबा आणि ओढा. तीन-चार वेळा केलं की तंतू पट्टीवर येतात. लेझरचा शिक्का नवा असेल तर पहिल्यांदा साबणाने धुऊन घ्याच. लेझरने जळलेल्या रबराची काजळी खाचांत राहते आणि पहिल्या दिवसापासून पॅड काळं करते. मी देताना धुऊन देते, सगळेच देतात असं नाही.

पिन, सुई, टाचणी लांब ठेवा. का ते पुढे अनुस्वाराच्या गोष्टीत येईल.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी यांतलं काहीही नको. रॉकेलने रबर फुगतं आणि अक्षरं जाडी होतात, ती परत बारीक होत नाहीत. डॉक्टर मंडळींना स्पिरिटचा बोळा फिरवायची सवय असते. रबरावर एखाद्या वेळी चालून जातं, पॉलिमरवर नाही. २०२० साली तर सगळ्या गावाने शिक्क्यांवर सॅनिटायझर मारला होता. त्या दिवाळीपर्यंत माझ्याकडे कडा उचललेले, पांढरट पडलेले पॉलिमरचे शिक्के येत होते. दर वेळी मूठ स्वच्छ आणि पॉलिमरचं वाटोळं.

धुऊनही अक्षराची नुसती किनारच उमटत असेल तर रबराचं तोंड किंचित खरबरीत करावं लागतं. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर उताणा ठेवा, त्यावर शिक्का पालथा ठेवा आणि हलक्या हाताने इंग्रजी आठचा आकडा दोनदा-तीनदा फिरवा. बास. धुऊन ठसा बघा. हे जाड रबराचं काम आहे. पॉलिमरच्या बारीक अक्षरांवर करू नका. त्यांना फार तर शाळेचा पांढरा खोडरबर फिरवा.

पॅड आणि शाई

शिक्क्याची नेहमीची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते आणि तिच्यात ग्लिसरीन किंवा तसलंच काही असतं. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून पॅड उघडं राहिलं तरी लगेच सुकत नाही. नुसतं पाणी टाकलं की रंग पातळ होतो, पाणी उडून जातं आणि खालच्या कापडात बुरशी धरते. बचत गटाच्या पॅडचं तेच झालं होतं. पॅड कोरडं पडलंय आणि शाईची बाटली जवळ नाही, अशी वेळ आली तर औषधाच्या दुकानातल्या ग्लिसरीनचे पाच-सहा थेंब टाका आणि रात्रभर झाकून ठेवा. चार दिवस निघतात. तोवर शाई आणा.

शाई भरताना लोक बाटली मधोमध उपडी करतात. तसं केलं की मधे तळं साचतं आणि गोल शिक्क्याचं पोट भरतं. दहा-बारा थेंब सगळ्या पॅडवर पसरून टाका, जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढून सारखे करा, झाकण लावा आणि तासभर थांबा. मग बोट टेकवा. बोटाला रंग लागला पाहिजे, बोट ओलं होता कामा नये. ओलं झालंच तर रद्दी कागद दाबून वरची शाई टिपून घ्या.

जास्त शाईचा त्रास कळतो तो कागदाची घडी घातल्यावर. समोरच्या भागावर उलटा ठसा उमटतो आणि दाखल्यावर दोन शिक्के दिसतात. मतपत्रिकेवरचा तो फिरत्या बाणांचा शिक्का आठवतोय? त्याची रचना यासाठीच आहे. ओली शाई घडीत समोर उमटली तरी तिथले बाण उलटे फिरलेले दिसतात, त्यामुळे खरं मत कुठलं ते मोजणाऱ्याला कळतं. तुमच्या ग्रामपंचायतीच्या शिक्क्याला अशी सोय नाही. तेव्हा शाई बेताने.

जांभळ्या पॅडमध्ये निळी शाई ओतू नका, रंग मातकट होतो. नंबरिंग मशीनची तेलाची शाई रबरी शिक्क्याच्या पॅडमध्ये तर कधीच नको. ती धातूच्या आकड्यांसाठी असते आणि रबर फुगवते. आणखी एक, पॅड आठवड्यातून एकदा उलट बाजूने फिरवून ठेवा. माणूस रोज त्याच जागेवर शिक्का टेकवतो, ती जागा झिजते आणि कोपरे नवेच राहतात.

हाताला चिकटणारं पॉलिमर

श्रावणात हमखास येणारी तक्रार. शिक्का कागदाला चिकटतो, उचलताना कागद फाटतो, तोंडावर धूळ बसते. बनवताना पॉलिमरला अतिनील प्रकाश कमी मिळाला असेल तर ते पुरतं घट्ट होत नाही आणि पावसाळी हवेत आणखी चिकट होतं. हे बनवणाऱ्याचं चुकलेलं असतं. माझंही पहिल्या दोन वर्षांत बरेचदा चुकलं.

यावर इलाज आहे आणि तो फुकट आहे. पॉलिमरची पट्टी मुठीवरून अलगद सोडवा. स्टीलच्या ताटलीत ती तोंड वर करून ठेवा आणि बोटभर पाणी घाला, पट्टी पूर्ण बुडाली पाहिजे. ताटली दुपारच्या कडक उन्हात पंधरा मिनिटं ठेवा. पाणी कशाला, असं सगळे विचारतात. हवेतला ऑक्सिजन पॉलिमरचा वरचा थर घट्ट होऊ देत नाही. पाणी हवा अडवतं आणि ऊन आत जाऊ देतं. मघाशी मी पाण्यात विसरू नका म्हटलं ते इथेही लागू, घड्याळ लावूनच बसा. नंतर पुसून, वाळवून बोटाने टाल्कम पावडर चोळा आणि फुंकर मारा. ऊन नसेल तर नुसत्या पावडरवर तात्पुरतं भागतं.

रबराच्या शिक्क्याला हा उपाय करू नका. उन्हात रबर कडक होतं आणि त्याला बारीक भेगा पडतात. गाडीच्या डॅशबोर्डवर शिक्का ठेवणाऱ्या एका इन्शुरन्सवाल्या भाऊंना मी दर उन्हाळ्यात हेच सांगते आणि दर उन्हाळ्यात नवा शिक्का करून देते.

सुटलेलं रबर

रबर मुठीवरून निघालं की लोक झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकतात. तो काचेसारखा कडक होतो, त्या जागी शिक्का दबत नाही आणि तिथलं अक्षर काळंभोर, बाकीचं फिकं असं उमटतं. पुढे मला ते सोडवायचं झालं तर रबराबरोबर लाकडाची साल निघते.

रबराला रबराचंच सोल्यूशन लागतं. फेविबाँड चालतं, सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशनही चालतं. जुना गोंद खरवडून काढा. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. बोटाला लागेनासं झालं की मगच जोडा. ओलं असताना जोडलं तर आठवड्यात पुन्हा निघतं. पॉलिमरला सोल्यूशन नको, त्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा.

स्पंज दबलेला असेल तर तो पूर्ण बदला. खरवडून काढा आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीची फोमची दुहेरी चिकटपट्टी लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तुकडे जोडून लावू नका, जोडाची रेघ ठशात दिसते. आणि चिकटवताना शिक्क्याची वरची बाजू कुठली ते बघा. मुठीला समोर खूण असते, बारीक खिळा किंवा खाच. ती खूण मजकुराच्या डोक्याकडे हवी. ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका मुख्याध्यापकांना शिक्का दुरुस्त करून दिला आणि गुरुजींनी दोन दिवस दाखल्यांवर उलटा मारला. खूण बघून मारत होते बिचारे, त्यांचं काय चुकलं?

गेलेला अनुस्वार

आता ज्याला खरी दुरुस्ती म्हणतात ती. एका ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब आले आणि म्हणाले, "बघा, गावाने बोभाटा केलाय." त्यांच्या शिक्क्यात 'ग्रामपचायत' उमटत होतं. अनुस्वाराच्या टिंबात मळ अडकला म्हणून त्यांनी पिनने कोरलं आणि टिंबच उडालं. देवनागरीचा हा कायमचा धोका आहे. 'संस्था'तलं टिंब, 'बँक'मधलं चंद्रबिंदूचं टिंब, नुक्ता, पूर्णविराम, हे सगळे एकेकटे उभे असलेले बारीक खांब. इंग्रजी शिक्क्यात असे खांब मोजकेच, आपल्याकडे ओळीला चार-चार. सुटलेलं टिंब परत चिकटवता येत नाही, तेवढ्या जागेवर गोंद धरतच नाही. एक अक्षर कापून तिथे नवं बसवायचं झालं तर शिरोरेघ जुळत नाही. म्हणून मी पूर्ण ओळ बदलते.

त्याच टाइपात, त्याच आकारात ती ओळ नव्याने काढली. जुन्या पट्टीतली ओळ लोखंडी पट्टी लावून नव्या ब्लेडने कापली. ब्लेड उभं धरायचं आणि एकाच दमात खाली न्यायचं, मागेपुढे करवतायचं नाही. मग माझ्या कामाचा मुख्य भाग. काचेखाली आलेखाचा कागद ठेवला आणि तिन्ही तुकडे काचेवर पालथे मांडले. वरचा जुना, मधला नवा, खालचा जुना. आलेखाच्या रेघांवर तिन्ही सरळ केले. तोंड काचेला टेकलेली असल्यामुळे सगळी अक्षरं एका पातळीत येतात आणि जाडीतला फरक पाठीवर दिसतो. नवी ओळ केसभर पातळ होती. तिच्या पाठीवर चिकटपट्टीचे दोन थर दिले आणि बोट फिरवलं. अजून एक थर. मग पाठ सपाट लागली. आता दुहेरी चिकटपट्टी लावलेली मूठ वरून सरळ खाली उतरवली, दाबली आणि उचलली. तिन्ही तुकडे एकदम मुठीवर आले. मुठीवर एकेक तुकडा चिकटवत बसला असता तर कधीच जुळले नसते.

पाठीमागे थर द्यायचं वडिलांकडून आलं. छापखान्यात एखादा खिळा झिजला, कमी उमटायला लागला की ते त्याच्या खाली पतंगाच्या कागदाचा कपटा सरकवायचे. "अक्षर बदलायच्या आधी त्याला पाट दे" म्हणायचे. आजही ठशात एखादी ओळ फिकी दिसली तर पट्टी सोडवून फक्त त्या ओळीच्या पाठीवर मी चिकटपट्टीचा एक थर देते. अर्ध्या वेळा तेवढ्यावर काम होतं, आणि हे तुम्हीही घरी करू शकता.

ओळ बदलायचं काम गेल्या काही वर्षांत फार वाढलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा दुकानदारांचे जुने नंबर गेले आणि पंधरा अक्षरांचा नवा नंबर आला. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं मिळून ग्रामपंचायत अधिकारी झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आणि आमच्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या शिक्क्यांची शेवटची ओळ जुनी झाली. 'अहमदनगर' या शब्दाला वर काही नाही, खाली काही नाही, सपाट शब्द. 'अहिल्यानगर'मध्ये वेलांटी आली. जुन्या शिक्क्यांत ओळी दाटीवाटीने बसवलेल्या असतात. वरच्या ओळीत एखादा उकार खाली लोंबत असला की 'हि'ची वेलांटी त्याला जाऊन भिडते. अशा वेळी जोड देऊन उपयोग नाही, शिक्का नवा करायला लागतो. गोल शिक्क्यातला जोडही मी घेत नाही. कमानीत कापलेला तुकडा कितीही नीट बसवला तरी गोलाची रेघ तुटते, आणि तुटलेल्या रेघेचा शिक्का बघून समोरचा माणूस कागदावर संशय घेतो.

सरकारी शिक्क्यात अक्षर बदलायचं असेल तर कार्यालयाचं पत्र आणा. ओळखीचे असलात तरी आणा. खोटा शिक्का बनवणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि बनवणारा हात माझा असतो.

स्प्रिंगचे, तारखेचे, प्री-इंक

स्प्रिंगच्या शिक्क्यात पॅड वर लपलेलं असतं, दाबलं की पट्टी उलटी होऊन खाली येते. बाजूचं बटण दाबून तो अर्ध्यावर अडकवा, पॅडचा खण बाजूने ढकला, पाच-सहा थेंब शाई टाका आणि परत बसवा. खण पूर्ण आत गेला नाही तर पट्टी त्यावर घासते आणि वरची ओळ झिजते. दाबताना खरखर लागली तर तेल सोडू नका, ते उतरून पॅडमध्ये येतं. धूळ झटका, बहुतेक वेळा कागदाचा कपटा अडकलेला असतो. नवा करून घेताना लोभ आवरा. सगळ्यात जास्त खपणारं माप ४७ बाय १८ मिलिमीटरचं आहे. त्यात इंग्रजीच्या पाच ओळी बसतात म्हणून मराठीच्याही पाच मागतात. आपल्याला वर वेलांटी आणि खाली उकार यांना जागा लागते. चारच घ्या.

तारखेच्या शिक्क्याचे पट्टे बाजूच्या चाकांनीच फिरवा, पेनच्या टोकाने ढकलले की फाटतात. सालाच्या पट्ट्यावर साधारण बारा वर्षं असतात, घेताना शेवटचं साल बघून घ्या. ज्या कार्यालयाला मराठी आकडे हवेत, त्यांना मी 'दिनांक' पुढे मोकळी जागा ठेवून देते. तारीख हाताने घालावी.

प्री-इंकच्या तोंडावर बारीक छिद्रांचा फोम असतो. बनवताना प्रखर प्रकाशाने अक्षरं सोडून बाकीची छिद्रं बंद केलेली असतात, म्हणून शाई फक्त अक्षरांतून येते. हा शिक्का पॅडवर टेकवू नका आणि पाण्याने धुऊ नका. फिका झाला तर मागून त्याचीच शाई चार-पाच थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. घाईत दुसरी शाई टाकली तर छिद्रं बुजतात, मग माझ्याकडेही उपाय नाही.

ठेवणं आणि टाकणं

शिक्का फिरत्या स्टँडला टांगलेला सगळ्यात उत्तम. स्टँड नसेल तर आडवा ठेवा. तोंडावर उभा ठेवला की मुठीचं वजन महिनोन्‌महिने अक्षरांवर पडतं. पॅडवर उभा ठेवून घरी जाणारेही आहेत. प्लॅस्टिकच्या फाइलवर पॉलिमर टेकवून ठेवला तर तो तिथेच चिकटतो.

खंडेनवमीला शिक्क्याची पूजा करा, मीही करते. पण हळदकुंकू मुठीला लावा. तोंडाला लावलेलं कुंकू खाचांत बसतं, त्यावर शाई चढली की लालसर चिखल होतो. दसऱ्यानंतरचा पहिला आठवडा माझा त्यातच जातो. अक्षता अडकलेले शिक्केसुद्धा आलेत.

जुना शिक्का कचऱ्यात तसाच टाकू नका. ब्लेडने तोंड आडवं-उभं कापा, मग टाका. हरवला असेल तर पोलिसात नोंद करा आणि बँकेला लेखी कळवा, मगच नवा करायला या. लाकडी मूठ मात्र माझ्याकडे आणून द्या. कातारीकडच्या सागवानी मुठी आता मिळत नाहीत. वडिलांच्या वेळच्या काही मुठींवर मी आजही लेझरचं रबर चढवून देते.